ग्राहाचा उद्धार



यंदाच्या श्रावणात आमच्या मंदिरात गजेंद्रमोक्षाचे आख्यान झाले. कीर्तनकारबुवांनी रंग भरला. गजेंद्राने सोंडेत कमळ धरून भगवंताला हाक मारली, गरुडावरून प्रभू धावत आले, सुदर्शनाने ग्राहाचे मुख विदारले आणि सभामंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आरती झाली, प्रसाद झाला, बुवा रात्रीच्याच गाडीने पुढच्या गावी गेले. मंडळी पांगू लागली तेव्हा आमच्या सभासद घराण्यातील एक वृद्ध आजी खांबाला धरून उठल्या आणि आमच्या तीर्थरूपांना म्हणाल्या, “गुरुजी, हत्तीचे सगळे कळले. पण देवाने मुळात ती मगर केलीच कशाला? आमच्या जिन्याखाली निघाली होती ना, त्या वर्षी, ती अजून स्वप्नात येते.” तीर्थरूपांनी क्षणभर विचार केला आणि आमच्याकडे बोट दाखविले. “ह्याला विचारा,” ते म्हणाले. “हा नदीवर हिंडत असतो.”

आम्ही शास्त्री नाही आणि प्राणिशास्त्राचे पदवीधर तर नाहीच नाही. शिक्षण बारावीपर्यंतचे, पुढे संहिता आणि पूजाविधी तीर्थरूपांच्या हाताखाली. परंतु बडोद्यात जन्म झाला, विश्वामित्रीच्या काठी वाढलो आणि मगरी धरणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर चार पावसाळे काढले. तेवढ्या शिदोरीवर आजींच्या प्रश्नाला हात घालतो. चुकले तर थोरांनी कान धरावा.

प्रथम कथेकडेच वळू, कारण कथेत एक गोष्ट आहे जी टाळ्यांच्या गजरात नेहमी निसटते. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात हे आख्यान येते. त्रिकूट पर्वतावर वरुणाचे उद्यान, त्यात कमळांनी भरलेले विस्तीर्ण सरोवर. उन्हाने तापलेला गजराज आपल्या हत्तिणी आणि पिले घेऊन येतो, पाणी ढवळून काढतो, सोंडेने सर्वांना न्हाऊ घालतो. तेथे राहणारा बलवान ग्राह रागावून त्याचा पाय धरतो. कोणी कोणाच्या घरात शिरले होते, हे आपणच पाहावे. पुढे सहस्र वर्षे ओढाताण चालते. भागवतकार एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतात: जसजसा काळ गेला तसतसे हत्तीचे बळ, उत्साह आणि तेज ओसरत गेले, आणि जलचराचे मात्र उलट वाढत गेले. हे निव्वळ काव्य नव्हे, हे आम्ही पुढे सांगू.

आता निसटणारी गोष्ट. प्रभू आले, त्यांनी हत्तीला आणि ग्राहाला दोघांनाही एकत्रच पाण्याबाहेर ओढून काढले. चक्र चालले. आणि पुढच्या अध्यायात ज्याच्या उद्धाराचे वर्णन आधी येते तो गजेंद्र नव्हे, ग्राह होय. तो तत्क्षणी हूहू नावाचा गंधर्व होऊन उभा राहतो, देवल ऋषींच्या शापातून सुटतो, भगवंताला प्रदक्षिणा घालतो आणि आपल्या लोकी जातो. गजेंद्राची पाळी त्यानंतर. ज्याने हाक मारली तो मागे राहिला आणि ज्याने भक्ताचा पाय धरून ठेवला तो पुढे गेला. देवलमुनी स्नान करीत असता हूहूने थट्टेने पाण्यातून त्यांचा पाय ओढला म्हणून तो शाप, असे परंपरेने सांगतात. महाभारताच्या आदिपर्वातही अर्जुन दक्षिणेकडील पाच तीर्थांत ज्या मगरींना ओढून बाहेर काढतो त्या वर्गा आणि तिच्या सख्या, शापित अप्सरा निघतात. आमच्या पुराणांना मगरीच्या कातड्याखाली राक्षस दिसत नाही. नेहमी कोणीतरी चुकलेला, अडकलेला जीव दिसतो.

कीर्तनात ह्याचे रूपक करण्याची वहिवाट आहे. सरोवर म्हणजे संसार, हत्ती म्हणजे जीव, ग्राह म्हणजे काळ. रूपक सुंदर आहे, आणि आम्हीही ते सांगतो. परंतु विश्वामित्रीत पाय बुडवून उभे राहिले की ग्राह हा रूपक राहत नाही.

ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्याच्या मध्यातून नागमोडी वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे वळते. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत तिच्या पात्रात ४०० हून अधिक मगरी मोजल्या गेल्या. कमाटीबागेजवळच्या पुलावर माघ महिन्याच्या सकाळी उभे राहावे, म्हणजे खालच्या काठावर ओंडक्यासारख्या पडलेल्या दिसतात. वरून मोटारी, रिक्षा, शाळेची मुले जातात. खाली त्या उन्ह खात असतात. इतक्या मोठ्या वस्तीच्या पोटात एवढ्या मगरी असणारे दुसरे शहर सहसा सापडत नाही.

तिचे सामर्थ्य कशात आहे? आमच्या देशात ह्या कुळातील तीन जाती आहेत. समुद्राजवळच्या खाड्यांतील खाऱ्या पाण्याची अवाढव्य मगर, चंबळेसारख्या नद्यांतील लांब निमुळत्या तोंडाची घडियाल, म्हणजे सुसर, आणि आमच्या नदीत आहे ती गोड्या पाण्याची मगर. (बोलताना आपण मगरीलाही सुसर म्हणतो, त्याला आमची हरकत नाही.) पाल, सरडा, घोरपड ह्यांच्यासारखी ती दिसते खरी, परंतु नात्याने ती त्यांच्यापेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी एका कुळाच्या दोन शाखा झाल्या. एकीतून पुढे मगरी झाल्या, दुसरीतून डायनोसॉर आणि त्यांच्यातूनच पक्षी. पितृपक्षात ज्या कावळ्यासाठी आपण पान वाढून वाट पाहतो, तो मगरीचा दूरचा चुलतभाऊ लागतो. सरडा त्याहून लांबचा.

हे नाते हृदयातही दिसते. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला तीन कप्पे असतात. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांप्रमाणे, आणि आपल्याप्रमाणे, चार. शिवाय तिच्याजवळ एक जादा वाट आहे. ती पाण्याखाली गेली की फुप्फुसांकडे जाणारे बरेचसे रक्त वळवून पुन्हा शरीरात फिरविण्याची सोय तिच्या हृदयात आहे. ठोके मंद होतात, प्राणवायूचा खर्च घटतो, आणि ती अर्धा-पाऊण तास, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ खाली स्वस्थ राहू शकते. योगी ज्याला कुंभक म्हणतात आणि जे साधण्यासाठी आयुष्य वेचतात, ते तिला जन्मतःच लाभले आहे. घशाशी एक पडदा असतो, त्यामुळे तोंड उघडले तरी पाणी आत जात नाही. डोळ्यांवर पारदर्शक पापणी ओढली जाते. उष्णता ती शरीरात निर्माण करीत नाही, उन्हाकडून घेते; म्हणून अन्न फारच थोडे पुरते आणि मोठी मगर महिनेन् महिने न खाता राहू शकते. एकादशीला दुप्पट खाणाऱ्या आमच्यासारख्यांनी ह्यावर फार बोलू नये.

आता सरोवरातील त्या सहस्र वर्षांकडे पाहावे. हत्ती उष्ण रक्ताचा; त्याला रोज मणावारी चारा हवा. पाण्यात अडकलेला हत्ती उपाशी, थकलेला, बुडण्याच्या भयात. ग्राह मात्र स्वगृही. त्याला श्वासाचीही घाई नाही. एकाचे बळ ओसरणार आणि दुसऱ्याचे टिकणार, हे उघड आहे. व्यासांनी जलचर पाहिले होते.

एवढी भयंकर गोष्ट, तिचे एक वैगुण्य ऐकावे. मिटणारा जबडा विलक्षण बळाचा, परंतु उघडण्याचे स्नायू दुबळे. एकदा तोंड मिटलेले असले की साध्या दोरीने, रबरी पट्टीने ते बांधून ठेवता येते. आमचे स्वयंसेवक आधी तिच्या डोळ्यांवर ओले फडके टाकतात, मग तोंड बांधतात. अंधार झाला की ती पुष्कळ शांत होते.

हे आम्ही प्रथम पाहिले २०२४ च्या ऑगस्टमध्ये. त्या पुराची आठवण आपणा कोणालाच करून द्यायला नको. धोक्याची खूण २५ फुटांची; पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. किती घरांतील देवघरे, पोथ्या, लग्नाचे अल्बम चिखलात गेले ह्याची मोजदाद नाही. २७ ते २९ ऑगस्ट ह्या तीन दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी शहराच्या वस्तीतून २४ मगरी धरल्या. पाणी ओसरले त्या सकाळी आमच्या प्रांगणात, पाराच्या मागच्या बाजूस, चार फुटांची एक मगर चिखलात रुतून बसलेली सापडली. लहानच, अंगावर अजून पिवळसर पट्टे होते. कोणीतरी ओरडले, आणि पाहता पाहता वीस-पंचवीस माणसे जमली. तीन दिवस कोणाच्या पोटात धड अन्न नव्हते, कोणाच्या डोळ्यांना झोप नव्हती. कोणाचे दुकान गेले होते. त्या सगळ्याचा राग एका जागी येऊन उभा राहिला. काठ्या आल्या. लाठी आमच्याही हातात होती, हे येथे लिहून ठेवतो.

तीर्थरूप गाभाऱ्यात होते. चिखल काढून त्या दिवसाची पहिली पूजा चालू होती. आमच्या आठवणीत त्यांनी पूजा अर्ध्यावर सोडल्याचे एकदाही घडलेले नाही. आजोबा गेल्याची बातमी आली तेव्हाही त्यांनी आधी मंत्रपुष्पांजली पुरी केली होती. त्या दिवशी ते हातातील फुलासह बाहेर आले, ओल्या सोवळ्यानिशी पाराच्या कोपऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “माणसे बोलावली आहेत. ती येईपर्यंत येथून कोणी पुढे यायचे नाही.” कोणी माणसे बोलावलेली नव्हती. मग आम्ही लाठी टाकली आणि दूरध्वनी केला. स्वयंसेवक पोहोचेपर्यंत दीड तास गेला. दीड तास तीर्थरूप तेथेच उभे.

संध्याकाळी आम्ही त्यांना विचारले, पूजा का सोडलीत. ते म्हणाले, “अगस्ती दाराशी आले होते.”

ज्यांना संदर्भ नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गजेंद्र पूर्वजन्मी इंद्रद्युम्न नावाचा पांड्य देशाचा राजा होता, मोठा विष्णुभक्त. तो मौन धरून पूजेत मग्न असता अगस्ती ऋषी शिष्यांसह आले. राजा उठला नाही, सामोरा गेला नाही. हत्तीसारखा जड बुद्धीचा आहेस, हत्ती हो, असा शाप मिळाला. पूजा बरोबर होती. दाराशी कोण आले आहे, एवढे पाहिले गेले नव्हते.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करू. सुसर हा आपला शब्द संस्कृतातील शिशुमार ह्यापासून आला. ह्याच नावाचे तारकांचे चक्र भागवताच्या पाचव्या स्कंधात वर्णिले आहे, ज्याच्या पुच्छाग्री ध्रुव बसला आहे. परंतु शब्द फोडून पाहिला तर त्याचा अर्थ लहान मुलांना मारणारी असाच कानाला वाटतो. आणि लोकांचीही समजूत होती की ही स्वतःची पिले खाते, कारण पिलांनी भरलेले तिचे तोंड त्यांनी पाहिले होते.

काय पाहिले होते ते ऐका. माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत मादी रात्री काठावर चढते, मातीत हातभर खळगा खणते, त्यात बहुधा पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती लोटून ठेवते. पुढे सुमारे दोन महिने ती त्या जागेच्या आसपासच असते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे गर्भधारणेच्या वेळी ठरत नाही. मातीच्या उष्णतेने ठरते. २८ ते ३१ अंशांच्या दरम्यान माद्याच, ३२.५ च्या आसपास नर. हात दीड हात खोलीचा, सावलीचा, ओलाव्याचा फरक, आणि त्यावर पुढच्या पिढीचे गणित! पावसाच्या तोंडावर पिले अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. आई तो ऐकते. पुढच्या पायांनी माती उकरते, पिले जबड्यात घेते, जिभेवर झेलते आणि नदीत नेऊन सोडते. न फुटलेले अंडे असले तर जीभ आणि टाळू ह्यांमध्ये धरून हलकेच दाबते. म्हशीचे हाड चुरडणारा तो जबडा. त्या जबड्याच्या कडांवर बारीक काळे ठिपके असतात. ती अत्यंत हळवी स्पर्शेंद्रिये होत, पाण्यावरील तरंगही त्यांना जाणवतो. तेथेच हे तारतम्य राहते.

चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मगरींचे एक संवर्धनकेंद्र स्थापन केले. तेथे १९८० नंतरच्या दशकात अभ्यासकांना आणखी एक नवल दिसले: पिलांचा आवाज ऐकून बापही घरट्याशी येतो आणि तोही पिले तोंडात धरून पाण्यात नेतो. चंबळेतील घडियाल नर तर शेकडो पिलांचा घोळका राखीत पाण्यात उभा असतो, त्याच्या डोक्यावर-पाठीवर पिले चढलेली असतात. ग्वाल्हेरकडील आपल्या आप्तांपैकी काहींनी हे दृश्य डोळ्यांनी पाहिले आहे. शिशुमार!

इतके करूनही त्या तीस पिलांतून मोठी होणारी एखाद-दुसरीच. घोरपड, बगळे, घारी, मोठे मासे, कधी दुसरी मगरच. आणि माणूस. कातड्यासाठी इतकी शिकार झाली की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिन्ही जातींना संरक्षण द्यावे लागले, आणि १९७५ साली अंडी गोळा करून, उबवून, पिले वाढवून नद्यांत सोडण्याचे देशव्यापी काम सुरू झाले. त्या प्रयत्नांचे फळ आज अनेक नद्यांत दिसते.

मगरीची स्तुती करताना एक सत्य दडवणे पाप होईल. ती माणसाला मारते. विश्वामित्री आणि ढाढर ह्यांच्या काठच्या गावांत कपडे धुताना, गुरे पाजताना, मासे धरताना माणसे गेली आहेत. ज्या घरातून माणूस गेले त्या घरी जाऊन मातृवात्सल्याच्या गोष्टी सांगण्याचे धैर्य आम्हाला नाही, आणि कोणाला असू नये. काठावरच्या वस्तीला घरात नळ मिळाला, गुरांना पाणी पिण्यास कुंपणाआड उतार मिळाला, तर पुष्कळ जीव वाचतील. हे काम भक्तीने होणारे नाही, तक्रार-अर्ज लिहून आणि पाठपुरावा करूनच होणारे आहे. आमच्या मंडळाने त्यात मागे राहू नये असे आम्हाला वाटते.

परंतु पुरानंतर आपल्याच सभेत सूचना आली होती की सर्व मगरी उचलून दूर कोठे तरी न्याव्यात. नदी मोकळी झाली की तिचे काठ, तिची कोतरे बांधकामाला आणि भरावाला मोकळी होतील, हे त्या सूचनेमागे नसावे, अशी आम्ही आशा करतो. पाणी शहरात शिरले ते मगरींनी आणलेले नव्हते. ज्या सखल जागी नदी पसरत असे तेथे आता घरे आहेत.

आणि आमचे स्वतःचे काय? इयत्ता पाचवीत असल्यापासून मंदिराचे निर्माल्य नदीवर नेण्याचे काम आमच्याकडे होते. वाहत्या पाण्यात विसर्जन करावे असा विधी, म्हणून तीर्थरूपांची तशी आज्ञा. आरंभी टोपलीतून नेत असू. पुढे सोयीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पुलावरून गाठ मारून पिशवी खाली टाकायची, हात जोडायचे, परत यायचे. किती वर्षे, किती पिशव्या, हे मोजणे आता शक्य नाही. एकदा वैशाखात पुलावर गर्दी होती म्हणून आम्ही काठाने खाली उतरलो. झुडपाआडून अचानक मोठी फुत्कारणी झाली आणि दहा फुटांची मगर तोंड उघडून चार पावले धावत आली. आमच्या हातातील पिशवी गळून पडली, पाय हलेनात. ती थांबली. आमच्यामध्ये आणि तिच्यामध्ये सात-आठ हात अंतर असेल. मग ती मागे सरकत गेली आणि पुन्हा झुडपाशी बसली. तिला आम्ही नको होतो. तिला एवढेच हवे होते की आम्ही निघून जावे. तिच्या पाठीमागे उकरलेली माती होती, आणि त्या मातीत, आमचेच असेल किंवा दुसऱ्या कोणाचे, हारांचे दोरे आणि पिशव्यांच्या चिंध्या गुंतलेल्या होत्या.

हे आम्ही तीर्थरूपांना बरीच वर्षे सांगितले नाही. पुरानंतर सांगितले. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः काठावर जाऊन आले आणि म्हणाले, “वाहते पाणी म्हणून टाकत होतो. वाहते पाणी आहे कोठे तेथे?” पावसाळा सोडला तर आमच्या नदीतून बव्हंशी शहराचे सांडपाणीच जाते, हे आपण सर्व नाकाला रुमाल लावून जाणतोच.

आमच्या लोकांनी मगरीशी नाते जोडण्याच्या किती रीती काढल्या आहेत! गुजरातेत खोडियार माता मगरीवर आरूढ आहे. २०१९ च्या जानेवारीत महीसागर जिल्ह्यातील पल्ला गावी खोडियारच्या देवळात मगर येऊन बसली, तेव्हा गावकऱ्यांनी कुंकू-फुले वाहिली आणि वनखात्याची माणसे ताटकळत उभी राहिली. मग ती जवळच्या पाण्यात सोडण्यात आली. गोमंतकात फोंडा तालुक्यातील दुर्भाट येथे पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर घडवून पुजतात. तेथे मगरीला मांगे म्हणतात, म्हणून ती मांगे थापणी. खाडीचे बांध राखणारे ते लोक. मगरीच्या शेजारी रोज चिखलात उतरणारे. केरळात कासारगोडजवळ अनंतपुरच्या सरोवरमंदिरात बबिया नावाची मगर प्रसादाचा भात घेत असे. ती २०२२ च्या ऑक्टोबरात गेली तेव्हा शेकडो लोक दर्शनाला आले. ती संपूर्ण शाकाहारी होती असे भाविक सांगतात. सरोवरात मासेही होते, म्हणून आम्ही ह्या वादात पडत नाही. परंतु मगरी फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात, असे २०१३ साली अभ्यासकांनी अनेक जातींविषयी दाखविले आहे. नक्राश्रू हा शब्दही जरा अन्यायाचाच. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येते हे खरे, पण ते ढोंग नव्हे. शरीराचा धर्म आहे.

गंगा मकरवाहिनी, आपल्या जवळची नर्मदाही मकरवाहिनी, वरुणाचेही वाहन मकर. शिल्पातील मकराला कोठे हत्तीची सोंड, कोठे माशाची शेपटी दिली जाते, हे खरे. पण जबडा पाहिला की मूळ कोठले ते कळते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगतात तेव्हा जलचरांमध्ये त्यांनी स्वतःसाठी मकर निवडला. मासा निवडला नाही, हंसही नाही. आजी, आपण विचारलेत, देवाने ती केली कशाला. आम्हाला एवढेच सांगता येते की त्याने ती आपल्यापासून वेगळी मानलेली नाही. पंढरपूरच्या पांडुरंगाच्या कानांत मकरकुंडले आहेत. रोज काकड्याला आपण ते रूप डोळ्यांपुढे आणतो; विटेवरच्या त्या सावळ्या मुखाच्या दोन्ही बाजूंना, भक्तांची हाक जेथे पोहोचते अगदी तेथे, दोन मकर आहेत.

हे सगळे आम्ही आजींना त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या जिन्याखालच्या मगरीचे काय केले रे?” आम्ही म्हणालो, धरून, पाणी उतरल्यावर नदीतच सोडली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. “बरी होती ना?” असे म्हणाल्या.

मंदिराच्या मागील अंगणात, बेलाच्या झाडाजवळ, निर्माल्यासाठी दोन खड्डे खणून तयार केले आहेत. एक भरला की तो मातीने झाकून दुसरा वापरावयाचा. तयार होणारे खत तुळशीवृंदावनाला आणि सभासदांच्या कुंड्यांना देण्यात येईल. सोमवार आणि शनिवार, सकाळी ७ ते ९ ह्या वेळेत घरचे निर्माल्य आणून द्यावे. हारांचे दोरे, जरीचे तुकडे आणि पिशव्या काढून घेण्याची कृपा करावी. पहिली टोपली तीर्थरूपांनी स्वतः रिती केली आहे.